व्हॉल्व्ह मी बंद केला होता

४ फेब्रुवारी

दादा,

वर तीर्थरूप वगैरे काही लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. चार वर्षं आपण बोललो नाही, आणि आता काम पडलं म्हणून लगेच पायावर डोकं ठेवायचं, इतकी काही मी लाचार झालेली नाही. काम पडलंय हे मात्र खरं. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं आणि या घडीला मला ते परवडणारं नाही. कागदावर निदान तू मध्ये बोलू शकत नाहीस.

मला इंग्रजीत एक जबाब लिहून द्यायचाय. का, ते सांगते.

मी अजून हॉस्पिटलच्या लाँड्रीतच आहे. गेल्या वर्षी सुपरवायझर केलं मला. आमच्याकडे धुणं, वाळवणं, इस्त्री, सगळं वाफेवर चालतं. बॉयलरकडून एक जाडजूड पाइप येतो, त्यावर व्हॉल्व्ह आहे. त्याचं चाक फिरवलं की वाफ बंद. पुढे त्याच पाइपात एक जाळी असते, तिच्यात गंजाचा कचरा अडकतो. दर शनिवारी व्हॉल्व्ह बंद करायचा, पाइप निवेपर्यंत चहा प्यायचा, मग झाकण उघडून जाळी काढायची आणि धुवायची. व्हॉल्व्ह मी बंद करते, जाळी चिमणी काढते. चिमणी म्हणजे माझी मैत्रीण. दाराची एकच फळी उघडी असली तर ती आत येऊ शकत नाही, एवढी ती आडवी, म्हणून गमतीने तिचं नाव चिमणी.

गेल्या शनिवारी चिमणीने झाकण उघडलं आणि आतून वाफ आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ती ओरडली ते अजून माझ्या कानात आहे.

चौकशीला वरच्या ऑफिसातून एक साहेब आलेत. त्यांना आपली भाषा येत नाही आणि आमच्या मॅनेजरने केलेलं भाषांतर त्यांना नको. ज्याने त्याने आपल्या हाताने, जमेल तशा इंग्रजीत लिहून द्यायचं, मदत कुणाचीही घ्या म्हणतात. तोवर मला घरी बसवलंय. जबाब पटला नाही तर कायमचं.

मला एकच वाक्य हवंय. 'चिमणीने झाकण उघडायच्या आधी मी व्हॉल्व्ह बंद केला होता.' क्लोज म्हणायचं की शट म्हणायचं, आणि ते हॅड कुठे घालायचं, एवढंच सांग. लहानपणी तू कान पिळून शिकवलं होतंस. कानाला आठवतंय, डोक्याला नाही.

वहिनींना नमस्कार. तुझं नंतर बघते.

— धाकटी


१० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं. दोन कागद, पाठपोट! तू कशी आहेस, हात कसा आहे तिचा, घरात काय चाललंय, काही नाही. पहिल्याच ओळीत क्रियापद. माणूस बदलत नाही म्हणतात ते काय खोटं आहे!

'शट म्हणजे बंद करणे, मिटणे, लावून घेणे. दार, खिडकी, पुस्तक, डोळे, तोंड.' तोंड हे उदाहरण कोणासाठी घातलंस ते न कळायला मी काही दुधखुळी नाही. पुढे लिहितोस, शट, शट, शट, तिन्ही रूपं एकच. वाचून मला हसूच आलं. काय निगरगट्ट शब्द आहे रे हा! आज बंद करतो तरी शट, काल केला तरी शट, परवा केला होता तरी शट. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. म्हणून या क्रियापदाला हॅडची गरज जास्त, असं तू म्हणतोस. दोन गोष्टी होऊन गेलेल्या असल्या, की जी आधी झाली तिच्या क्रियापदाआधी हॅड उभं करायचं, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. हे मला कळलं. बघ, डोकं अगदीच रिकामं नाही.

आणि मग शेवटी तू काय लिहावंस? 'वाक्य देतो. त्याआधी मला सांग, तुला बंद केल्याचं आठवतं, की बंद केलाच असणार असं वाटतं? आठवत नसेल तर हॅड शट लिहू नकोस.'

दादा, माझं डोकंच फिरलं. मी तुझ्याकडे वाक्य मागितलं होतं, विष नव्हतं मागितलं. सख्खा भाऊ बहिणीला एक ओळ लिहून देत नाही! कागद चुरगाळून फेकून दिला. आमचे हे म्हणाले, अगं उचल, मागच्या बाजूला पण काहीतरी लिहिलंय. मागच्या बाजूला पाच वाक्यं होती, सरावासाठी. म्हटलं, मरू दे तुझा सराव.

हे वरचं सगळं काल रात्रीच्या रागात लिहिलं. आता सकाळ आहे, हे कामाला गेलेत, घरात मी एकटी. तर खरं काय ते लिहिते.

मला आठवत नाही.

म्हणजे मला चाक फिरवल्याचं आठवतं. लोखंड गरम असतं म्हणून हाताला फडकं गुंडाळते, चाक शेवटी जरा कुरकुरतं, मग मी 'बंद!' म्हणून ओरडते, सगळं दिसतं डोळ्यांसमोर. पण ते या शनिवारचं आहे की त्याच्या आधीच्या, ते सांगता येत नाही. रोजचं काम कुठे लक्षात राहतं? तू आज शाळेत जाताना घराला कुलूप लावलंस ते सांग बघू शपथेवर. त्या शनिवारी ऑपरेशनच्या चादरी कमी पडल्या म्हणून वरून सारखे फोन येत होते. मी पाइपापाशी गेले होते एवढं नक्की. तिथे असतानाच मला फोनवर बोलावलं, हेही नक्की. चाक फिरवून गेले, की फिरवायचं राहूनच गेलं? देव जाणे. आणि ओरडा ऐकून आमचे बॉयलरचे मिस्त्री धावत आले, त्यांनी गडबडीत चाक इकडेही फिरवलं, तिकडेही फिरवलं. ते आधी कसं होतं हे त्यांनाही सांगता येत नाही.

सगळ्यांना मी छातीठोकपणे सांगितलंय, बंद केला होता म्हणून. चिमणीच्या नवऱ्यालासुद्धा. तुझ्याशिवाय हे कुणाला बोललेले नाही, ह्यांनाही नाही. का तुला सांगतेय तेही कळत नाही. तू लांब आहेस म्हणून असेल.

— धाकटी


१५ फेब्रुवारी

दादा,

आज चिमणीला भेटून आले. इतके दिवस पाय उचलत नव्हता.

तिला आमच्याच हॉस्पिटलात ठेवलंय, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारी. तिच्या अंगाखालची चादर आमच्या हातची, कोपऱ्यात आमचा निळा टाका आहे. हाताला एवढी मोठी पट्टी. मला बघून म्हणाली, "ये गं बाई, कुठे मेली होतीस? इथल्या नर्सेसना माझ्या मापाचा गाऊन सापडत नाही, दोन गाऊन जोडून दे मला शिवून." मी हसायला गेले आणि रडूच आलं.

मग तिनेच विषय काढला. म्हणाली, "मला तुझी 'बंद' अशी हाक ऐकू आली होती की नाही, ते मी आठवून बघतेय. पिळायची विजेची मशिनं चालू होती ना. पण तू केला असशील गं. तू कशी विसरशील?"

केला असशील. दादा, या शब्दाने मला जेवढं लागलं तेवढं साहेबाच्या दहा प्रश्नांनी लागलं नव्हतं. केला होतास, असं नाही म्हणाली ती. आणि तिने तरी का म्हणावं? ती मला बोल लावत नाही, उलट सांभाळून घेतेय. डॉक्टर म्हणतात हात वाचेल, बोटं हलतील, पण जोरात पिळण्याचं काम पुढे जमेल की नाही ते आताच सांगता येत नाही. तिचं घर त्या हातावर चालतं.

नोकरी गेली तर जाऊ दे, कुठेतरी चार घरचे कपडे इस्त्री करीन. पण हे माझ्या हातून झालं असलं तर मी तिच्यासमोर कशी उभी राहू? मला फक्त एवढंच कळायला हवंय. मी तो बंद केला होता की नव्हता.

तू काही लिहू नकोस. म्हणजे लिही, पण उपदेश नको.

— धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

घरात बसून भिंती खायला उठल्यात. भांडी चारदा घासून झाली. शेवटी तो चुरगाळलेला कागद सरळ केला आणि तुझी पाच वाक्यं घेऊन बसले. लहानपणच्याच पद्धतीने, वर इंग्रजी, खाली अर्थ, आणि तपासायला तुझ्याकडे. लाल पेन लागणार नाही असं लिहिते बघ.

एक. द शॉपकीपर हॅड शट हिज शॉप बिफोर वी रीच्ड द मार्केट.
आम्ही बाजारात पोचायच्या आधी दुकानदाराने दुकान बंद केलं होतं. बरोबर ना? आळशी मेला दुकानदार.

दोन. शी हॅड शट द विंडो बिफोर द विंड बिगॅन.
वारा सुटायच्या आधी तिने खिडकी लावून घेतली होती. ही बाई हुशार दिसते. हिला चौकशी नाही.

तीन. द चिल्ड्रन हॅड शट देअर बुक्स बिफोर द टीचर स्टॉप्ड.
मास्तर थांबायच्या आधीच मुलांनी पुस्तकं मिटली होती. हे तू तुझ्या वर्गावरून घातलंस, मी पैजेवर सांगते. तीस वर्षं झाली, तू कधी वेळेवर थांबला आहेस?

चार. फादर हॅड टोल्ड मी नॉट टू कम बिफोर यू टेलिफोन्ड मी.
हां! सापडलास! इथे शट कुठे गेलं, मास्तर? सगळी वाक्यं शटची आणि हेच बरं टोल्डचं? म्हातारा झालास हो दादा. आता तुझाच कान कुणीतरी पिळायला हवा. असो, अर्थ लिहिते.
तू मला फोन करायच्या आधी वडिलांनी मला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

दादा.

हे वाक्यच आहे ना? म्हणजे दुकानदारासारखं?

पाचवं मी आज लिहीत नाही.


२० फेब्रुवारी

दादा,

कालचा कागद तसाच पाकिटात घातलाय, हाही त्याच्यासोबत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मी फोन केला होता तो दिवस मला लख्ख आठवतो. बाबांचं काही खरं नाही, लगेच ये, म्हटलं होतं. तू म्हणालास, मुलांच्या परीक्षा चालू आहेत, संपल्या की येतो. आवाजात काही नाही, अगदी कोरडा. मी फोन आपटला. आणि तू आलास तेव्हा बाबा गेले होते. दारात तू बॅग घेऊन उभा, आत सगळे नातेवाईक, आणि मी तिथेच, सगळ्यांदेखत म्हटलं, "आता कशाला आलास? पेपर तपासून झाले?" तू उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता बाहेर जाऊन उभा राहिलास, सगळं उरकेपर्यंत तिथेच, आणि मग तसाच परत गेलास.

काल पडल्या पडल्या एक गोष्ट आठवली. त्याच दिवशी सकाळी बाबांनी मला औषध आणायला पिटाळलं होतं. औषधाची बाटली अर्धी भरलेली होती, मी म्हटलंसुद्धा, आहे की अजून. तर खेकसले, "सांगितलेलं ऐक." मी परत आले तेव्हा फोन त्यांच्या उशाशी होता. मला वाटलं वेळ बघायला घेतला असेल.

काय म्हणाले रे तुला? मी सांगू? 'पोरांची वर्षाची मेहनत सोडून इथे माझं तोंड बघायला आलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.' असंच काहीतरी ना? ते तसेच होते. दुखतंय म्हणून कुणाला सांगायचे नाहीत, आणि कुणी जवळ बसलं तर चिडायचे.

आणि तू चार वर्षं गप्प! अरे, तोंड होतं ना तुला? दारात उभं राहून एवढं ऐकून घेतलंस, एक शब्द बोलला असतास तर काय बिघडलं असतं? मी काय तुला खाल्लं असतं? आणि आता सांगतोस ते कसं, तर दुकानदार, खिडकी आणि पुस्तकांच्या रांगेत, चौथ्या नंबरवर! मी तो कागद उचललाच नसता तर? तुझ्यासारखा माणूस त्रिभुवनात सापडायचा नाही.

मला तुझा राग आलाय, आणि त्याहून जास्त काय आलंय ते मला लिहिता येत नाही.

— धाकटी


२६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. या वेळी क्रियापद नव्हतं, चारच ओळी. 'तुला त्या दिवशी कुणावर तरी रागवायचं होतं. बाबांवर रागावली असतीस तर तुला जास्त त्रास झाला असता. माझ्यावर रागावलीस, चालून गेलं. पुढे सांगायची वेळ निघून गेली.' आणि खाली माझं वाक्य, मी मागितलेलं, स्वच्छ अक्षरात. 'आय हॅड शट द व्हॉल्व्ह बिफोर शी ओपन्ड द कव्हर.' बाजूला, 'आता तू ठरव.'

ठरवलं. काल जबाब देऊन आले.

दादा, तुझं वाक्य मी लिहिलं नाही. रागावू नकोस, कारण सांगते. चार वर्षं मी ज्याला त्याला सांगत फिरले, की दादाला बोलावलं तरी तो आला नाही. अगदी शपथेवर सांगितलं असतं. आणि त्याच्या आधीची गोष्ट मला माहीतच नव्हती. इतक्या खात्रीचं ते असं निघालं, मग या चाकाचं मी कुठल्या तोंडाने छातीठोक सांगू? आणि त्या कागदावर खोटं निघालं तर या वेळी त्याची किंमत भरणारी चिमणी असेल.

म्हणून माझ्याच मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. 'एव्हरी सॅटरडे आय शट द व्हॉल्व्ह. धिस सॅटरडे आय वेंट टू द व्हॉल्व्ह. देन टेलिफोन केम. आय डू नॉट रिमेंबर.' चूक असेल तर असू दे, तपासू नकोस.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, परत लावला, परत वाचलं. मॅनेजर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर तो त्यांच्याकडे उचलायला दिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई, तुम्हाला कुणी वेडं केलंय का?" मी म्हटलं, "माझ्या भावाने."

ह्यांना रात्री सगळं सांगितलं. ह्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "बरं केलंस. पण आता पुढे काय?" पुढे काय ते मलाही माहीत नाही. त्याआधी, ऑफिसातून निघाल्यावर चिमणीकडे गेले होते आणि तिलाही सांगितलं होतं, मला आठवत नाही म्हणून. ती छताकडे बघत राहिली. म्हणाली, "माझी औषधाची वेळ झाली, तू जा आता." मी आले निघून.

नोकरीची भीती आहेच. पण छातीवरचं काहीतरी उतरलंय, हेही खरं. दोन्ही एकदम कसं असतं कोण जाणे.

— धाकटी


३ मार्च

दादा, दादा, दादा!

बस आधी. बसलास? मी बंद केला होता!

सांगते. माझा जबाब वाचून साहेब म्हणे मिस्त्रींना म्हणाले, बाईला आठवत नाही, तुम्हाला आठवत नाही, मग आता व्हॉल्व्हलाच विचारू. बाकी बायकांनी 'बंद होता, बंद होता' एवढंच लिहिलं होतं, तेव्हा तो उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मलासुद्धा बोलावून घेतलं. चौकशीपायी बंद ठेवलेला बॉयलर पेटवला, चाक पूर्ण फिरवून बंद केलं, आणि सगळे वाट बघत उभे. चहा पिऊन व्हायला लागतो तेवढा वेळ गेला. पाइप निवायला हवा होता. मिस्त्रींनी व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपावर पाण्याचा थेंब टाकला, तो चुर्र करून उडाला! चाक बंद आणि पाइप गरमच! मिस्त्री म्हणाले, "आयला!" साहेबांना भाषा येत नाही, पण हे त्यांनाही कळलं.

मग बॉयलर विझवून व्हॉल्व्ह खोलला. आत एक चकती असते, चाक फिरवलं की ती खाली बसते आणि वाट अडवते. ती चकती झिजून कडेने फुटली होती. चाक नेहमीसारखं फिरतं, नेहमीसारखं कुरकुरतं, वरून काही म्हणजे काही कळत नाही, आणि आतून वाफ झिरपत राहते.

मला वाटलं, ठीक आहे, पण याने माझं काय सिद्ध होतं? मी चाक फिरवलं नसेल तरी वाफ येणारच होती. मी तसं मिस्त्रींना म्हटलंसुद्धा. ते माझ्यावर वैतागले. म्हणाले, "ताई, स्वतःच्याच मागे काय लागलाय तुम्ही? चाक उघडं असतं तर पूर्ण दाबाने वाफ आली असती. झाकण उडून समोरच्या भिंतीवर गेलं असतं आणि चिमणीबाई आज पट्टीवर निभावली नसती. नुसता हात भाजला, कारण आली ती झिरपलेली वाफ. चाक बंदच होतं. म्हणजे तुम्हीच बंद केलं होतं, दुसरं कोण करणार?" मिस्त्रींनी ते साहेबांना फुटकी चकती दाखवून, हातवारे करून समजावलं, साहेबांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मी तिथेच, ओल्या फरशीवर, फतकल मारून बसले. चार बायका धावत आल्या, त्यांना वाटलं चक्कर आली. चक्कर कसली! आनंद मावेना म्हणून बसले. केला होता रे दादा, मी बंद केला होता! आठवत नसलं तरी केला होता!

उठून आधी दुसऱ्या मजल्यावर पळाले. जिने चढताना मला धाप लागली, चिमणीला वाटलं कुणी गेलं. सांगितल्यावर तिने मला चांगल्या हाताने जवळ ओढलं, आणि तुला कल्पना नाही चिमणी जवळ ओढते म्हणजे काय, बरगड्या मोजून घ्याव्या लागतात. म्हणाली, "मेले, त्या दिवशी तू आठवत नाही म्हणालीस तेव्हा मी दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. मग म्हटलं, खोटं बोलली असती तर मला कधी कळलंही नसतं." बोटं हलवून दाखवली. पाचही हलतात. पिळायचं काम बंद, पण घड्या घालायच्या टेबलावर घेणार आहेत तिला, आणि उपचाराचा खर्च ऑफिस करणार.

मी उद्यापासून कामावर. त्या पाइपावर नवा व्हॉल्व्ह बसतोय आणि पुढे दुसराही.

आणि आता ऐक. गेल्या दोन-तीन आठवड्यांत चिमणीला भेटायला जाताना मी लाँड्रीच्या दारावरून गेले की बायका बोलायच्या थांबायच्या. तोंडाने कुणी काही म्हणत नव्हतं, नुसतं बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज घरी येताना मला वाटलं, बाबांच्या वेळी दारात तुझ्याकडेही सगळे असेच बघत होते, आणि बघायला मीच लावलं होतं. मला निदान ठाऊक नव्हतं, मी काय केलं ते. तुला सगळं ठाऊक होतं, तू बाबांचं ऐकलं होतंस, आणि तरी तू तिथे उभा राहिलास. दादा, माझं चुकलं. फार चुकलं.

ये ना रे. परीक्षा असल्या तर संपल्यावर ये, मी फोन आपटणार नाही.

— तुझी धाकटी


१२ मार्च

वहिनी,

हे पत्र दादाला नाही, तुम्हाला. तो पोचला. काळजी करू नका, गोळ्या वेळेवर घेतोय, मी समोर उभी राहून देते.

काय झालं ते तो तुम्हाला सांगणार नाही, सांगितलं तर उदाहरण म्हणून सांगेल. म्हणून मीच लिहिते.

तो येणार म्हणून मी सकाळपासून काय बोलायचं ते घोकत होते. आधी हे म्हणायचं, मग ते म्हणायचं, मधे रडायचं नाही. ह्यांनासुद्धा बजावून ठेवलं होतं, तुम्ही तोंड उघडू नका. दुपार झाली, संध्याकाळ झाली, त्याचा पत्ता नाही. आत-बाहेर करून माझे पाय दुखले. वाटलं, बेत रद्द केला. वाटलं, बरोबरच आहे त्याचं, मी असते तर मीही आले नसते.

अंधार पडता पडता बेल वाजली. दार उघडलं तर दादा. केस सगळे पांढरे झालेत की हो त्याचे, तुम्ही कळवायचं तरी! हातात बॅग, आणि उंबऱ्याच्या बाहेर, अगदी पट्टीने आखल्यासारखा उभा. एवढा मोठा हेडमास्तर, आणि मला विचारतो, "येऊ का आत?"

वहिनी, मी सकाळपासून घोकलेलं सगळं विसरले. आणि दिवसभर वाट बघून बघून जे जिभेवर होतं तेच बाहेर पडलं. मी म्हटलं, "किती उशीर केलास रे!"

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.  ह्यांनी मागे कपाळाला हात लावला. दादा बॅग घेऊन तसाच उभा. मला वाटलं, संपलं, आता हा वळणार आणि जाणार.

तर तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग हसायलाच लागला. आधी हळू, मग खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, बॅग खाली टाकली. म्हणाला, "गाडी लेट होती गं. खरंच गाडी लेट होती."

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं. शेजारच्या बाई दार उघडून बघत होत्या. त्यांना मी मोठ्याने सांगितलं, "माझा भाऊ आलाय."

आता तो आतल्या खोलीत झोपलाय आणि घोरतोय. चार दिवस ठेवून घेणार आहे, तुमची हरकत असली तरी.

— तुमची नणंद